जिन्याच्या वळणावरची तिपाई

मी एक जुनी तिपाई आहे. खाली तीन पाय आणि वर एक गोल फळी, एवढाच माझा पसारा. मित्रांनो, आपली गोष्ट सांगणाऱ्याने जन्मापासून सुरुवात करावी, हे मलाही ठाऊक आहे. पण आठवायला लागले की जन्माच्याही आधी मला एक पत्र आठवते. ते माझ्या मालकांना आले होते आणि त्यांनी त्याला उत्तर दिले नव्हते.

पत्र त्यांच्या थोरल्या बहिणीचे होते. ताई दुसऱ्या गावी राहत. त्यांना ऐकू जवळजवळ येतच नसे, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. भावाबहिणीचे सगळे बोलणे कागदावर चाले. पत्र लहानसेच होते. "तुझ्या आजाराचं कळलं. सारखं विचारून तुला त्रास देत नाही. बरा झालास की दोन ओळी टाक. मी वाट बघते."

मागितल्या होत्या फक्त दोन ओळी. त्या लिहायला माझ्या मालकांना काही वर्षे लागली. ती का लागली, हीच माझी गोष्ट आहे. ती मला नीट सांगता येईल की नाही, याची मात्र शंका वाटते. आयुष्यभर लोक माझ्यावर बसत आले. मी बोलावे अशी अपेक्षा कोणी केली नाही, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

माझा जन्म उरलेल्या लाकडातून झाला. मालकांच्या घरी भिंतभर पुस्तकांचे कपाट बसवले होते आणि काही तुकडे शिल्लक राहिले होते. मालकांच्या पत्नी सुताराला म्हणाल्या, "वरच्या फळीला यांचा हात पोचायचा नाही. उभं राहायला काहीतरी करून द्या." सुताराने गोल फळी कापली आणि चार पाय तासायला घेतले. चौथ्या पायात नेमकी गाठ निघाली आणि रंधा फिरवता फिरवता तो उभा चिरला. मी घाबरले. अपुऱ्या राहिलेल्या वस्तू कुठे जातात, ते मी कोपऱ्यातल्या जळणाच्या ढिगाकडे पाहून ओळखले होते. पण सुताराने चिरलेला पाय बाजूला टाकला, फळीच्या पोटावर नव्याने तीन खुणा केल्या आणि पाय थोडे बाहेर फाकवून ठोकून बसवले.

"तीनच?" बाईंनी विचारले.

"तीन पाय कधी डगमगत नाहीत, वहिनी. भांडण लावायला चौथा लागतो."

अशी मी जन्माला आले, उण्या पायाची पण स्थिर.

माझे मालक मुद्रितशोधक होते. पुस्तक छापण्यापूर्वी त्याचे कच्चे कागद येतात, त्यांना प्रुफे म्हणतात. ती वाचून काना, मात्रा, विरामचिन्हे यांच्या चुका काढायच्या, हे त्यांचे काम. इमारतीतली मुले त्यांना पुस्तककाका म्हणत. मीही तेच म्हणते. त्यांच्या पत्नी त्या काकू.

काका फार लाजाळू होते. समोरून कोणी आले की ते चटकन पुस्तक उघडत, पाऊस नसताना कोणी छत्री उघडावी तसे. जिनाही वाचतच चढत. एकदा वाचता वाचता तिसऱ्या मजल्याऐवजी दुसऱ्याच मजल्यावर आत शिरले आणि खुर्चीवर बसले. तिथे कपडे शिवणाऱ्या एक बाई राहत. सगळे त्यांना शिवणमावशी म्हणत. मावशींनी पाण्याचा पेला समोर ठेवला. काकांनी तो प्यायला, प्रकरण संपवले, वर पाहिले आणि एक शब्दही न बोलता पळ काढला. त्यानंतर कित्येक महिने ते मावशींच्या दारावरून पाय न वाजवता जात.

त्या काळात माझा मान मोठा होता. काका माझ्यावर मधोमध उभे राहत, वरच्या फळीवरून पुस्तक काढत आणि खाली न उतरताच वाचू लागत. काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "उतरा आता, पुतळा बसवलाय की काय तिथे?" एवढ्या वजनाखालीही मला कधी जड वाटले नाही.

पुढे काकांना धाप लागू लागली. आधी जिन्यात, मग माझ्यावर चढताना, मग नुसते बोलतानाही. तपासण्या झाल्या. फुफ्फुसांचा आजार निघाला, आणि तो जुनाट होता. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांचे बोलणे काकूंनी घरी आल्यावर जसेच्या तसे सांगितले. "हा आजार पाहुणा नाही, भाडेकरू आहे. तो जायचा नाही. पण घर तुमचं आहे, हे त्याला दाखवत राहा." औषधे दिली, श्वास सोडायची एक रीत शिकवली. गरम दुधावर फुंकर घालतो तसे ओठ करायचे आणि सावकाश हवा सोडायची. "आणि घरात बसून राहू नका. रोज खाली उतरा, थांबत थांबत वर या," असे बजावले.

काकांनी औषधे घेतली. फुंकर शिकले. खाली मात्र उतरेनात.

माझ्यावर चढणे तर बंदच झाले. वरच्या फळीवर धूळ बसली आणि माझे लहानशा टेबलात रूपांतर झाले. ताईंचे ते पत्र आले, ते याच दिवसांत. काकांनी माझ्यावर कागद ठेवला, झाकण काढून पेन हातात घेतले आणि लिहिले, "ती. ताईस, मी आता बरा". तिथे पेन थांबले. पुढे 'झालो' लिहावे तर ते खोटे. 'झालो नाही' लिहावे तर ताईंनी वाट बघत राहायचे, आणि त्या वाट बघण्याला शेवटच नाही. दुसऱ्यांच्या हजारो वाक्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःचे एक वाक्य पुरे करता येईना. त्यांनी पत्र पुस्तकात खूण म्हणून घातले. पुस्तके बदलत गेली, खूण तीच राहिली.

एका सकाळी काकूंनी मला उचलले आणि जिना उतरू लागल्या. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये जिना वळतो. तिथे थोडी मोकळी जागा आहे आणि एक खिडकी आहे. खिडकीतून समोरच्या रस्त्याच्या टोकाची टपालपेटी दिसते. तिथे त्यांनी मला ठेवले आणि वर जाऊन काकांना म्हणाल्या, "तुमचा थांबा तयार आहे. चला."

"जिन्यात बसू? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, माणूस बसलाय."

खरे सांगते, मलाही वाईट वाटले होते. कुठे ती पुस्तकांची खोली आणि कुठे हा जिना. पहिल्याच आठवड्यात कोणी माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवल्या, कोणी बुटांची नाडी बांधायला पाय ठेवला, आणि कोणा मुलाने चघळून झालेला गोड रबराचा गोळा माझ्या पोटाला चिकटवला. तो अजून आहे.

त्या पहिल्या सकाळी काका आले, बसले आणि लगेच पुस्तक उघडून तोंड झाकले. तेवढ्यात कापडांची गाठोडी घेऊन शिवणमावशी खालून वर आल्या. गाठोडी टेकवली आणि म्हणाल्या, "उठा जरा. मलाही टेकू द्या."

काका गडबडून उठले. मावशी बसल्या, गुडघे चोळू लागल्या.

"तुमचं काय, गुडघे का?"

"नाही. फुफ्फुसं."

"बरंय, वेगवेगळं आहे. एकच असतं तर दोघांना एकाच वेळी बसावं लागलं असतं."

काका हसले. हसताना धाप लागली, मग फुंकर घातली, मग पुन्हा हसले. जिन्यात त्यांचे हसणे मी पहिल्यांदाच ऐकले. मावशी उठताना म्हणाल्या, "त्या दिवशीचा पेला मी विसळून ठेवलाय हं. परत कधी वाट चुकलात तर या."

इथून काकांचे नवे आयुष्य सुरू झाले, असे म्हटले तर ते जरा जास्तच होईल. लाजाळू माणूस एका दिवसात बोलका होत नाही. पण बसलेल्या माणसाला पळता येत नाही, हे आजाराने केलेले पहिले भले. जो येई तो वळणावर क्षणभर थांबे. काकांना उत्तर द्यावे लागे. हळूहळू त्यांना उत्तरे आवडू लागली, आणि मग ते स्वतःहून प्रश्नही विचारू लागले. वर्षानुवर्षे ज्यांच्या फक्त चपला त्यांनी पाहिल्या होत्या, त्यांचे चेहरे त्यांना माहीत झाले.

वरच्या फळीवरची पुस्तके आता त्यांच्या हाताला येत नव्हती. त्यांनी काकूंना ती उतरवायला लावली आणि वळणावरच्या खिडकीत मांडून ठेवली. ज्याला हवे त्याने न्यावे. कधीकाळी पुस्तकाचे पान दुमडले तरी जेवण न जाणारे हे काका. मावशींनी मात्र पुस्तक घेतले नाही. "मला वाचायला वेळ कुठे आहे? तुम्ही वाचा, मी इथे बसून काजं करते," असे म्हणून त्या सुईदोरा घेऊन पायरीवर बसल्या.

काकांनी आयुष्यात कधी मोठ्याने वाचले नव्हते. आवाज तर कापलाच, वर श्वास पुरेना. तेव्हा त्यांनी एक युक्ती काढली. स्वल्पविराम आला की एक छोटा श्वास, पूर्णविराम आला की निवांत फुंकर. इतकी वर्षे ज्या चिन्हांच्या फक्त चुका काढल्या, ती चिन्हे माणसाला श्वास घेता यावा म्हणून असतात, हे त्यांना माझ्यावर बसून कळले. ते संथ वाचत. ऐकणाऱ्यांना ते संथ वाचणे आवडे. मावशींच्या शेजारी आणखी माणसे पायऱ्यांवर बसू लागली.

पण या युक्तीने एक घोटाळाही केला. छापखान्याचे मॅनेजर एक दिवस प्रुफांचा गठ्ठा घेऊन स्वतःच आले. अंगाने भरलेले गृहस्थ, वळणापर्यंत येता येता घामाघूम झाले आणि पायरीवर बसले.

"काका, लेखक रागावलेत. म्हणतात, माझ्या पुस्तकाला स्वल्पविरामांचा गोवर आलाय."

काकांनी प्रुफे पाहिली. खरेच, हल्ली त्यांना जिथे जिथे धाप लागे तिथे तिथे नकळत त्यांनी स्वल्पविराम ठोकला होता. ते कानांपर्यंत लाल झाले. "मला वाटलं, इथे श्वास घ्यायला हवा."

"असं कसं? हे बघा, मी वाचून दाखवतो." मॅनेजरांनी लेखकाचे मूळ वाक्य एका दमात म्हणायला घेतले. वाक्य संपता संपेना. शेवटच्या शब्दापर्यंत पोचले तेव्हा त्यांचे डोळे बाहेर आले होते. काकांनी त्यांना फुंकर कशी घालायची ते शिकवले.

"गोवर थोडा कमी करू," मॅनेजर सावरल्यावर म्हणाले, "पण काही राहू द्या."

मित्रांनो, आजार चांगला असतो असे मी म्हणणार नाही. मी त्यांचे वाईट दिवसही पाहिले आहेत. काही दिवस ते माझ्यापर्यंत येत आणि मग वर जाण्यासाठी कितीतरी वेळ नुसते कठड्याकडे बघत बसत. काकांना बोलायचेही त्राण नसले की काकू म्हणत, "आज भाडेकरू आवाज करतोय," आणि सगळे समजत. तरीही जिन्यातून जाणारा माणूस थांबला, दोन वाक्ये बोलून गेला, की काका त्याच्या पाठीकडे बघत पुटपुटत, "धावत होतो तेव्हा हे कुठे भेटलं असतं?" मला ते ऐकू येई. माझ्याजवळ ऐकण्याशिवाय दुसरे काय होते?

पत्र मात्र पुस्तकातच होते. मधूनच ते बाहेर काढत, एकच ओळ ओठ हलवून वाचत, 'बरा झालास की', खिडकीतून टपालपेटीकडे बघत आणि पुन्हा घडी घालत.

मग इमारतीला रंग द्यायचे ठरले. रंगाऱ्यांनी मला वळणावरून हलवले, माझ्यावर चुन्याचे डबे ठेवले आणि काम झाल्यावर तळमजल्याच्या जिन्याखाली, मोडक्या सामानात ढकलून दिले. माझा एक पाय ढिला झाला. अंधारात मला तो जळणाचा ढीग पुन्हा आठवला.

रंगाऱ्यांनी मला फेकून दिले असे सगळ्यांना वाटले, आणि वळणावर बसायला काही नाही म्हणून काका उतरेनासे झाले. वर बसून बसून त्यांची ताकद कमी झाली, आणि त्याच दिवसांत ताईंचे दुसरे पत्र आले. मला ते नंतर कळले. अक्षर वेडेवाकडे होते. "तुझं काही आलं नाही, म्हणजे तू अजून बरा झाला नाहीस असं समजते. माझे डोळे आता मावळायला लागलेत. लिहिशील तेव्हा मोठ्या अक्षरात लिही. फार उशीर झाला तर दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावं लागेल, आणि ते मला नको आहे."

एके दिवशी जिन्याखाली काहीतरी शोधत शिवणमावशी वाकल्या आणि मी त्यांना दिसले. "अगं बाई, आमची बैठक इथे होय?" असे म्हणत त्यांनी मला ओढून काढले, पदराने पुसले आणि थेट काकूंकडे नेले. काकूंनी ढिला पाय तपासला, लाकडाची बारीक पाचर तासली आणि हातोडीने मारली. लोक दुसऱ्याच्या कामात पाचर मारतात. काकूंनी ती योग्य जागी मारली.

दुसऱ्या दिवशी मी वळणावर होते. काका कठडा धरून उतरले. उतरणे पूर्वीपेक्षा सावकाश होते. बसले, फुंकर घातली. मावशी वर येत होत्या.

"काय काका, बरे का?"

काकांच्या मनात ते दुसरे पत्र सलत असणार. ते एरवीसारखे 'हो' म्हणाले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "नाही हो. हा काही बरा होणारा आजार नाही."

मावशींनी गाठोडी खाली ठेवली. "आजाराचं कोण विचारतंय? त्याची चौकशी करायला मी काय त्याची आत्या आहे? तुम्ही बरे आहात का, ते विचारलं. सकाळी माणूस भेटलं की विचारतात तसं."

काकांनी आजूबाजूला पाहिले. खिडकीतून ऊन येत होते. पायरीवर मावशी, वरून काकूंची हाक, शेजारी पुस्तकांची रांग.

"मी ना?" ते म्हणाले. "मी बरा आहे."

"मग तेवढंच सांगायचं. उगीच दमवता."

मावशी वर गेल्या. काकांनी पुस्तकातून ताईंचे पहिले पत्र काढले. मग हळूच स्वतःशी म्हणाले, "बरा झालो नाही. बरा आहे." पुन्हा एकदा म्हणाले, प्रुफातली चूक सापडल्यावर म्हणतात तशा आवाजात. इतकी वर्षे त्या एका शब्दापुढे ते चुकीचे क्रियापद जोडून बघत होते.

ते उठून पायरीवर बसले आणि मला पुढे ओढून माझ्यावर कागद ठेवला. मोठमोठ्या अक्षरांत लिहिले.

"ती. ताईस, आजार बरा झाला नाही, आणि होणारही नाही.
पण मी बरा आहे."

दोन ओळींत पान भरले. मग त्यांनी पान उलटले आणि मागच्या बाजूला मावशींबद्दल, मॅनेजरांच्या वाक्याबद्दल, काकूंच्या पाचरीबद्दल आणि माझ्याबद्दलही लिहिले. माझ्याबद्दल एकच वाक्य होते. "तीन पायांची आहे, पण मी बसल्यावर कधी डगमगली नाही." मी आयुष्यात ऐकलेली ही सर्वांत मोठी स्तुती. खाली त्यांनी लिहिले, "तुला वाट बघायला लावली. आता बघू नकोस. तू बरी आहेस ना, ते कळव."

काकू म्हणाल्या, "द्या, मी टाकून येते."

"नको," काका म्हणाले. "मी टाकतो."

टपालपेटी रस्त्याच्या टोकाला. मध्ये बसायला जागा नाही. काकूंनी मग मला उचलले. पुढे पाकीट धरलेले काका, मागे तिपाई घेतलेल्या काकू, त्यांच्या मागे, "वरात कुणाची?" म्हणत गळ्यात टेप घातलेल्या मावशी. मित्रांनो, मी रस्ता पहिल्यांदाच पाहत होते. खिडकीतून दिसतो त्यापेक्षा तो खूप रुंद असतो.

अर्ध्या वाटेवर काकूंनी मला ठेवले आणि काका बसले. त्यांच्या फुंकरीचा आवाज ऐकत मी मनात म्हटले, ज्या कोणी हा माझा तिसरा पाय वेळेवर ठोकून बसवला, पुन्हा पाचर मारली, पदराने धूळ पुसली, त्या सगळ्यांची मी ऋणी आहे. तुम्हाला माझे सांगणे थोडेच आहे. तुमच्या जिन्यात, दुकानात, रस्त्याच्या कडेला एखादी बसायची जागा असली तर ती हलवू नका. तिच्यावर छत्र्या ठेवल्या तरी चालेल, पण कोणी थकलेले आले की उचला. आणि फार दिवस आजारी असलेल्या माणसाला तू कधी बरा होणार, असे विचारत बसू नका. तो बरा आहे का, एवढे विचारा. उत्तर ऐकायला घटकाभर थांबा.

काका उठले. उरलेली वाट ते एकटे चालले. आम्ही तिघी मागे राहिलो. पेटीपाशी पोचून त्यांनी पाकीट फटीत घातले, पण हात काही बाहेर येईना. जन्माचा संकोची माणूस. शेवटच्या क्षणी एखादा काना राहिला की काय, असे त्यांना वाटत असावे.

"काका," मावशींनी लांबूनच हाक दिली, "पेटी काही तुमचा हात धरून ठेवत नाही. सोडा आता."

काकांनी ओठ दुधावर फुंकर घालतात तसे केले, श्वास सोडला आणि त्याबरोबर बोटेही सोडली. पाकीट आत पडल्याचा आवाज मला रस्त्याच्या मध्यावरूनही ऐकू आला.